लायगो हिंगोलीत येतंय, आपण कुठल्या दारातून आत जाणार?

औंढा नागनाथजवळ दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि 11 मे 2023 रोजी पायाभरणी झाली. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांच्यातल्या निर्वात नळ्यांतून धावणारा लेझर, असं हे यंत्र असेल. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणारा गुरुत्वीय तरंग ते टिपेल. त्या तरंगामुळे भुजेच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो.

आमच्या कळमनुरीत या प्रकल्पाची चर्चा होते ती जमिनीचे भाव, रस्ते आणि गुत्तेदारी यांच्या अंगाने. त्यात वाईट काही नाही. मुरूम टाकणाऱ्यालाही पोट आहे, आणि चांगला रस्ता कुणाला नको असतो? पण वेधशाळा सुरू झाल्यावर तिथल्या नियंत्रण कक्षात, प्रयोगशाळेत, संगणकांसमोर जी माणसं बसतील, त्यांतली बरीच आज कुठल्या ना कुठल्या कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकत आहेत. त्यांत कळमनुरीची, वसमतची, सेनगावची मुलंमुली किती असतील? आणि त्यांतही आपल्या मोहल्ल्यांतली किती? याचं उत्तर बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीवर ठरणार आहे. ती म्हणजे ही मुलं पदवीच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत काय करतात.

उन्हाळी संशोधन इंटर्नशिप हा शब्द आपल्याकडे फारसा कानावर पडत नाही. म्हणून आधी ती काय असते ते सांगते. मे ते जुलै या काळात दीड-दोन महिने विद्यार्थी एखाद्या संशोधन संस्थेत किंवा विद्यापीठात जातो. एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक छोटा प्रश्न घेतो, त्यावर काम करतो आणि शेवटी त्याचा अहवाल लिहितो. परीक्षा नसते. प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दिलेलं नसतं. बऱ्याचदा दोन महिन्यांनंतरही ते अर्धंच सापडतं. पण उत्तर कसं शोधायचं, चुकलं तर कुठे चुकलं हे कसं तपासायचं, हे तिथे कळतं. आपल्या वर्गांत ‘महत्त्वाचे प्रश्न’ पाठ करून पास झालेल्या मुलासाठी ही वेगळीच दुनिया आहे.

अशा संधी पुष्कळ आहेत. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. ती विद्यार्थ्यांसाठी आहे तशी शिक्षकांसाठीही आहे, हे आपल्या प्राध्यापकांनीही लक्षात घ्यावं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे 2004 पासून ‘निअस’ हा कार्यक्रम चालतो, आणि तो मुद्दाम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आखलेला आहे. आधी शिबिर, त्यातून निवड, मग सुट्ट्यांमध्ये येऊन करायचा दीर्घ प्रकल्प. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राने बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हाताशी धरून सलग तीन उन्हाळे रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राचं संशोधन शिकवण्याची पद्धत रुजवली. आयआयटी मुंबईतला ‘फॉसी’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना उन्हाळी फेलोशिप देतो. तिथे आधी एक काम करून दाखवायचं असतं आणि त्यावरून निवड होते. कॉलेज कुठलं, हा प्रश्न नंतरचा. खुद्द लायगोचं उदाहरण घ्या. अमेरिकेत कॅल्टेक ही संस्था लायगोसाठी पदवी विद्यार्थ्यांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम चालवते, आणि भारतातले विद्यार्थीही त्यात निवडले गेले आहेत.

यांपैकी अनेक ठिकाणी विद्यावेतन मिळतं, काही ठिकाणी राहण्याची सोय होते, काही ठिकाणी रेल्वेचं भाडंही मिळतं. अटी वर्षागणिक बदलतात. त्या प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर वाचाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

मग पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा एवढा आग्रह का? तिसऱ्या वर्षी गेलं तर चालणार नाही का? चालेल. पण तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं. एकदा एखाद्या शास्त्रज्ञाने तुमचं काम जवळून पाहिलं की पुढच्या अर्जासाठी त्याचं शिफारसपत्र मिळतं. त्या पत्रावर पुढची इंटर्नशिप मिळते, तिच्यावर पदव्युत्तर प्रवेश सोपा होतो, त्यावर पीएचडी. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, तसा अनुभवाकडे अनुभव जातो. ज्याचा पहिला उन्हाळा रिकामा गेला, त्याचा दुसऱ्या उन्हाळ्याचा अर्जही रिकामाच दिसतो.

दुसरी गोष्ट अशी की नावड लवकर कळलेली बरी. प्रयोगशाळेत दोन महिने काढून ‘हे आपलं काम नाही’ असं एखाद्या मुलीला वाटलं, तर एकोणिसाव्या वर्षी वाट बदलणं सोपं असतं. तेच एमएस्सी झाल्यावर कळलं तर घरच्यांच्या पैशाचा आणि स्वतःच्या उमेदीचा हिशोब जड जातो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि नव्या मुलांच्या मुलाखती घेते. बायोडाटामध्ये टक्के सगळ्यांचे सारखेच असतात. फरक पडतो तो ‘तू स्वतः काय केलंस?’ या प्रश्नापाशी. ज्याने एक उन्हाळा एखाद्या प्रश्नाशी झटापट केली आहे, तो बोलू लागतो. त्याला अडलं कुठे, मग त्याने काय करून पाहिलं, हे तो सांगू शकतो. बाकीचे अभ्यासक्रमातल्या विषयांची नावं सांगतात. म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ व्हायचं नाही, त्यालाही हा उन्हाळा उपयोगी पडतोच.

आता आपल्या मुलांचा उन्हाळा बघा. कुणी कूलर दुरुस्त करतो, कुणी गॅरेजवर बसतो, कुणी आंब्याची गाडी लावतो, कुणी लग्नाच्या मंडपाचं डेकोरेशन करतो. हळदीच्या हंगामात कुणी कढईपाशी उभा असतो. मुली शिलाई आणि मेहंदीची कामं घेतात. या कष्टांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. त्यावर घरं चालतात, पुढच्या वर्षाची फी भरली जाते. म्हणूनच ‘मुलांनो, मोठी स्वप्नं बघा’ असलं भाषण मला पटत नाही. स्वप्नाला विद्यावेतन लागतं. ज्या घरात मुलाच्या उन्हाळ्याच्या कमाईवर जूनचं रेशन अवलंबून आहे, त्या घराला दोन महिन्यांची भरपाई कोण देणार, याचं उत्तर समाजाने द्यायचं आहे. एकट्या मुलावर ते ढकलून चालणार नाही.

पैशाच्या आधीचा अडथळा माहितीचा आहे. मे महिन्यातल्या कामाचे अर्ज अनेकदा आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भरायचे असतात. आपल्याकडे ‘सुट्टीत काय करायचं?’ हा विचार एप्रिलमध्ये, शेवटचा पेपर झाल्यावर सुरू होतो. तोवर दार बंद झालेलं असतं. सूचना इंग्रजीत असतात. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्यातली भाषाच परकी वाटते. विद्यापीठाचे निकाल उशिरा लागले की अर्जाला जोडायला गुणपत्रक नसतं. आणि शिफारसपत्र कुणाकडे मागायचं? शंभर मुलांच्या वर्गात सरांना आपलं नावही माहीत नसतं.

इथे डॉ. सालिम अलींची गोष्ट आठवते. आपण ती नेहमी एका पोराच्या जिज्ञासेची गोष्ट म्हणून सांगतो. साधारण बारा वर्षांच्या सालिमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, वाचायला पुस्तकं दिली. पुढे पदवी नसल्यामुळे नोकरीसाठी दारं बंद झाली, तरी हा माणूस बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकला आणि परत येऊन हैदराबाद संस्थानासह अनेक प्रदेशांतल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं.

या गोष्टीतलं एक पात्र मात्र आपण विसरतो. ते म्हणजे सालिमचे मामा, अमिरुद्दीन तय्यबजी. ते सोसायटीचे सदस्य होते आणि त्यांनीच भाच्याला तिकडे पाठवलं. जिज्ञासा सालिमची होती, पण कुठल्या दारावर थाप मारायची हे मामांना ठाऊक होतं. कळमनुरीच्या गल्लीत जिज्ञासू पोरं आजही आहेत. त्यांना मामा नाहीत. त्या मामाची जागा आता संस्थेने, कॉलेजने, जमातीने घ्यायची आहे.

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवी घेणाऱ्या दर 25 विद्यार्थ्यांत एक मुस्लिम आहे, आणि पदव्युत्तर वर्गात दर 50 मध्ये एक. आकडा जुना आहे, पण त्यातला उतार लक्षात घ्या. पदवीकडून पुढे जाताना प्रमाण निम्मं होतं. गळती तिथे आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचं संसदेत सांगितलं. त्याविरुद्ध आपण आवाज उठवला, तो योग्यच होता आणि ती मागणी सोडू नये. पण ती फेलोशिप एमफिल आणि पीएचडी करणाऱ्यांसाठी होती. तिथवर पोहोचणारी मुलंच कमी असतील तर उद्या ती पुन्हा सुरू झाली तरी लाभ किती जणांना होणार? वरची शिडी मागताना खालच्या पायऱ्याही बांधायला हव्यात.

भेदभावाचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. मोठ्या शहरात भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो, हे आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलं आहे. त्यावर आंधळेपणाने ‘मेहनत करा, सगळं ठीक होईल’ म्हणणं खोटेपणाचं ठरेल. उपाय व्यवहारी असावा. पहिल्या उन्हाळ्यासाठी संस्थेचं वसतिगृह असलेले कार्यक्रम निवडा. ओळखीवर जागा देणाऱ्यांपेक्षा निवडीची रीत जाहीर करणाऱ्या आणि आधी काम बघणाऱ्या ठिकाणी अर्ज करा. भेदभाव आहे म्हणून अर्जच न करणं, हे तर त्याला न लढता जिंकू देणं झालं.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. अनेक घरांत मुलगी बारावीला मुलापेक्षा जास्त गुण आणते, बीएस्सीला वर्गात पहिली येते, आणि दोन महिने मुंबईला किंवा बेंगळुरूला जायचं म्हटलं की विषय संपतो. अब्बूंना काळजी वाटते, अम्मीला लोक काय म्हणतील याची धास्ती. काळजीला उत्तर माहितीने द्यावं लागतं. निवडपत्र, वसतिगृहाचा पत्ता, वॉर्डनचा नंबर, सोबत जाणाऱ्या दुसऱ्या मुलीचं नाव, हे सगळं समोर ठेवलं तर बरेच वडील ऐकतात. पहिल्या दिवशी सोडायला त्यांनाच सोबत न्या. संस्थेचं आवार, तिथल्या मुली, ग्रंथालय त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या वर्षी शेजारच्या घरातल्या मुलीची वकिली तेच करतील. आणि भावांनो, बहिणीच्या बाजूने घरात एक वाक्य बोलायला तुम्हाला काहीच खर्च येत नाही.

एक सावधगिरी. ‘घरबसल्या इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह’ असं सांगून विद्यार्थ्याकडूनच दोन-पाच हजार घेणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले, तसा हा धंदा वाढायला वाव मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत पदवीच्या मुलांसाठी चौथ्या सत्रानंतर 60 ते 120 तासांच्या इंटर्नशिपची तरतूद आहे. ते तास रंगीत कागद विकत घेऊन भरू नका. मुलाखतीत त्या कागदाची किंमत दोन प्रश्नांत कळते.

निवड झाली नाही तर? पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची होत नाही. पण उन्हाळा तरीही हातात असतो, आणि कळमनुरीत बसूनही संशोधनाची सुरुवात करता येते. लायगोच्या यंत्रांनी टिपलेली माहिती खुली आहे. 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिल्यांदा पकडलेला तो प्रसिद्ध तरंग तुम्ही साध्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकता आणि पायथन भाषेत काही ओळी लिहून गोंगाटातून तो वेगळा काढू शकता. त्यासाठीचे धडेही मोफत आहेत. लॅपटॉप नसेल तर ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ नावाचा उपक्रम आहे. लायगोच्या नोंदींत येणारे खोटे खडखडाट चित्रांवरून ओळखून त्यांची वर्गवारी करायचं काम तिथे सामान्य लोक करतात, आणि शास्त्रज्ञ ते वापरतात.

ज्यांचा विषय रसायन, वनस्पतिशास्त्र किंवा शेती आहे, त्यांच्यासाठी तर जिल्हाच प्रयोगशाळा आहे. आपल्या तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, आणि हळद आपल्या दारात आहे. ती किती वेळ शिजवली, उन्हात किती दिवस वाळवली, तर रंगात आणि वजनात काय फरक पडतो? पाच शेतकऱ्यांकडे जाऊन दोन महिने नीट नोंदी ठेवल्या तर तो खरा अभ्यास होतो. एखादा प्राध्यापक मार्गदर्शनाला तयार झाला की त्याच अहवालावर ऑक्टोबरचा अर्ज उभा राहतो, आणि शिफारसपत्र लिहिणाराही मिळतो.

आता समाजाने काय करावं? माझा ढोबळ हिशोब असा. एका विद्यार्थ्याचा जाण्यायेण्याचा आणि दोन महिने बाहेर राहण्याचा वरखर्च, अधिक घरी द्यायची थोडी भरपाई, असे 20,000 रुपये धरा. दहा विद्यार्थ्यांचे दोन लाख. आपल्याकडच्या एका मध्यम लग्नाच्या जेवणावळीत एवढे पैसे दुपारच्या दोन पंगतींत संपतात. जकात गरजू विद्यार्थ्याला देता येते, असं सांगणारे उलेमा आहेत. सदका तर आहेच. तालुक्यातल्या कमावत्या पंचवीस-तीस जणांनी दरमहा पाचशे-सातशे रुपये बाजूला काढले तर हा निधी कुणापुढे हात न पसरता उभा राहतो. त्यात धर्म-जात बघू नये. शेजारच्या वस्तीतल्या दलित किंवा भटक्या समाजातल्या मुलाची अडचण आपल्यापेक्षा वेगळी नाही.

पैशाइतकंच महत्त्वाचं दुसरं काम आहे. प्रत्येक कॉलेजात सप्टेंबर महिन्यात एक दिवस बसून अर्ज भरून घ्यायचे. एक इंग्रजी नीट जाणणारा, एक आधी जाऊन आलेला, एक प्राध्यापक. टिपण मुलाने स्वतः लिहावं, बाकीच्यांनी वाचून सुधारणा सुचवाव्यात. हा खर्च शून्य आहे.

सरकारकडे आणि संस्थांकडेही मागण्या आहेत. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली. तिने पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतल्या मुलांसाठी उन्हाळी संशोधन प्रवास-अनुदान सुरू करावं. आणि लायगो-इंडियाने हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या पदवी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी वीस उन्हाळी जागा ठेवाव्यात, सूचना मराठीत काढाव्यात. आमच्या जिल्ह्याची शांत, स्थिर जमीन या प्रकल्पाला हवी होती. त्याच जमिनीवरची मुलंही त्याने घ्यावीत, ही मागणी मोठी नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने ती लावून धरावी, आणि आपण सह्या गोळा करून तिला बळ द्यावं.

पहिल्या वर्षात असलेल्या वाचकांसाठी एवढंच. आजच वहीत तीन नावं लिहा: ज्या कार्यक्रमाला अर्ज करायचा तो, ज्या सरांकडे किंवा मॅडमकडे शिफारसपत्र मागायचं ते, आणि घरात जे तुमच्या बाजूने बोलतील ते. मग उद्या तुमच्या सरांच्या केबिनमध्ये जा. पत्र मागू नका, एक प्रश्न विचारा. पत्र त्यानंतर कधीतरी मिळेल.